मंडईच्या नाटकात ट्रॅक लावावा का? आणि उलटं रेकॉर्डिंग कसं करतात?

वैनगंगाकाठ

राम राम मंडळी. आमचं गाव आरमोरी तालुक्यातलं. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री गावातलीच पोरं-पोरी नाटक करतात. शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) वडसाची नाटक कंपनी येते, तिकीट लागतं, मंडप भरतो. मंडईचं नाटक मात्र घरचं. तालीम रात्री समाजमंदिरात सुरू झाली आहे. धान कापणीला आलं की कोणालाच सवड मिळणार नाही, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

अडचण संगीताची आहे. आमचे ऑर्गनवाले काका यंदा मुलाकडे पुण्याला राहायला गेले. तबल्याला पोरगा आहे, झांज आहे, पण पेटीवर बसणारं कोणी नाही. पोरं म्हणतात, "दादा, नेटवरून ट्रॅक घेऊ, मोबाइल मिक्सरला लावू, झालं." नाटकात नऊ गाणी आहेत, त्यांतली निम्मी सिनेमाच्या चालीवर बांधलेली. ट्रॅकवर, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाशिवायच्या तयार संगीतावर, अख्खं नाटक निभतं का? ज्यांनी करून पाहिलं असेल त्यांनी सांगावं.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. तिसऱ्या अंकात मेलेली माय लेकीच्या स्वप्नात येते आणि "माय, ये घरी" अशी हाक मारते. ती हाक या जगातली वाटू नये, असं दिग्दर्शकाला पाहिजे. आवाज उलटा वाजवून असा परिणाम आणतात म्हणे. तो कसा आणायचा? आणि गावातल्या काही म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं पडलं की आवाज उलटा वाजवणं चांगलं नसते. त्यांना काय सांगावं?

साउंडचं_काम

भाऊ, मी ब्रह्मपुरीकडचा. मंडप-साउंडचं काम आहे. सीझनमध्ये नाटकं, उन्हाळ्यात लग्नं.

ट्रॅक घ्यायच्या आधी तो बनला कसा ते पाहा. वादक बसवून नव्यानं वाजवून घेतलेला असेल तर स्वच्छ असतो. नेटवर फुकट मिळणारे पुष्कळ ट्रॅक मात्र मूळ गाण्यातून आवाज काढून केलेले असतात. त्याची जुनी युक्ती अशी की स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच. एका बाजूची लहर उलटी करून दुसरीत मिसळली की जे दोन्हीकडे सारखं आहे ते कटून जातं. आवाज जातो, पण बेस आणि ठेकाही पातळ होतो, कारण तेही मधेच बसवलेले असतात. मागं गायकाच्या रिव्हर्बची, म्हणजे आवाजाच्या घुमण्याची, सावली तेवढी उरते आणि मोठ्या स्पीकरवर ती फार खराब ऐकू येते. मोनोच्या काळातल्या जुन्या गाण्यावर हेच केलं तर दोन्ही बाजू एकसारख्या असल्यामुळे काहीच उरत नाही. आता गाण्याचे भाग सुटे करणारी संगणकाची साधनं आली आहेत. डीझर कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर सगळ्यांसाठी खुलं केलं, मेटाचं डेमुक्स आहे. त्यांनी मोनो गाण्यातलाही आवाज बऱ्यापैकी सुटा होतो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. मी लहर उलटी करायची म्हणालो, त्यात लहरीचं वरचं खाली आणि खालचं वर होतं. वेळ सरळच चालते. ते एकटं ऐकलं तर कानाला फरक कळत नाही. तुमच्या स्वप्नाच्या प्रसंगाला पाहिजे ते निराळं, शेवटाकडून सुरुवातीकडं वाजवायचं. आमच्या धंद्यातही दोन्हीला उलटंच म्हणतात, म्हणून पोरं नेटवर शोधताना भलत्याच ठिकाणी जातात.

मग पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला सा धरून गायचं ते. ट्रॅक काळी चारचा आणि तुमची गाणारी पोरगी पांढरी चारची असेल तर तीन पट्ट्या खाली आणावा लागेल. एक-दोन पट्ट्यांपर्यंत फारसं कळत नाही. तिसऱ्या पट्टीला सनई-बासरी कागदी वाटायला लागते आणि ढोलकीची थाप चिकट होते. म्हणून आधी पोरीला पेटीवर गाऊन पाहू द्या, तिची पट्टी ठरवा, आणि मगच ट्रॅक शोधा. सगळे उलट्या क्रमानं करतात आणि मग पोरगी बिचारी ट्रॅकच्या पट्टीत ओरडत राहते.

पायपेटीवाला

वैनगंगाकाठ भाऊ, माझी अर्धी हयात झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, मंचासमोर बसण्यात गेली. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडं वादक मंचाच्या पुढं बसतात, नटाकडं तोंड करून. ते उगीच तसं नाही. तिथून नटाचा श्वास दिसतो. गाणारी बाई धृपदावर यायच्या आधी खांदा किती उचलते, तिचं पद उंच जाणार की आज गळा बसला आहे, हे तिथून कळतं. आणि त्या एका नजरेवर पेटी चालते.

एक प्रसंग सांगतो, तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. नाचाचं गाणं रंगात आलं आहे. प्रेक्षकांतून कोणीतरी बक्षीस पुकारतो. निवेदक माइकवर त्याचं नाव, गाव, कोणाच्या नावानं दिलं ते सगळं सांगायला लागतो. आता गाणं मधेच आहे. मी पायपेटीवर सा आणि पंचम धरून ठेवतो, आवाज अर्ध्यावर आणतो. तबलेवाला लग्गीचं जलद वाजवणं सोडून साध्या केरव्याच्या ठेक्यावर येतो, तोही बोटांनीच. पोरगी त्याच जागेवर पाय धरून घुटमळत राहते. निवेदकाचं बोलणं संपायच्या बेतात आलं की मी तबलेवाल्याकडं पाहतो, तो आठ मात्रांचा तुकडा घेतो आणि समेवर धृपद पुन्हा उभं राहतं. लोकांना सांधा दिसत नाही. आणि कधी एकामागं एक चार बक्षिसं येतात. कधी वन्स मोअर येतो. कधी नट संवाद विसरतो आणि प्रॉम्प्टर शब्द देईपर्यंत पेटीनं जागा भरावी लागते.

ट्रॅक हे करू शकत नाही. त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, मधे तो कोणाचं ऐकत नाही. मोठमोठ्या लोकांचीही यात फजिती झालेली आहे. इंग्लंडचा 'द हू' हा बँड टेप लावून वाजवणाऱ्यांतला पहिल्या फळीतला. १९७३ च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलच्या कार्यक्रमात टेप आणि वादन जुळेना, तेव्हा त्यांचा गिटारवाला पीट टाउनशेंड भर मंचावर भडकला होता.

मी ट्रॅकचा वैरी नाही. कराओके कसं जन्मलं ते मला फार आवडतं. १९७१ साली जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक होता. गिऱ्हाईक गायचं आणि हा साथ करायचा. एका गिऱ्हाइकानं सहलीला सोबत चल म्हटलं, याला जाता येईना, म्हणून यानं त्या माणसाच्या गळ्याला जुळेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. म्हणजे ती टेप एका माणसाच्या गळ्याचा अंदाज असलेल्या वादकानं, त्याच माणसासाठी केलेली होती. नेटवरचा ट्रॅक तुमच्या पोरीला ओळखत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. जिथं थांबावं लागत नाही तिथं ट्रॅक लावा. नांदीच्या आधीचं संगीत, अंक बदलताना, वादळ-पाऊस, स्वप्न. जिथं माणूस गातो आणि समोर माणसं बसली आहेत, तिथं माणूसच साथीला पाहिजे. तुमच्याकडं तबला आहे, झांज आहे, मग अर्धं काम झालेलंच आहे. पेटी नाही म्हणून तबल्याच्या पोराला घरी बसवू नका. तो एकदा मंचासमोरून उठला की पुढच्या वर्षी परत बसणार नाही. आजूबाजूच्या गावांत भजनी मंडळ असेलच. तिथला पेटीवाला नाटकाची गाणी आठ-पंधरा दिवसांत बसवू शकतो. त्याला विचारा तर.

खंजिरी

भाऊ, मी तिवशाकडचा. आमच्या इकडं तुमच्यासारखं नाटक नाई, पन भजनाचं सांगतो. आमच्या मंडळातल्या पोट्ट्यायनं मोबाइलवर तालाचा ट्रॅक लावून भजन म्हनाचं ठरवलं होतं. खंजिरीचं भजन कसं असते, सुरुवातीले संथ, मंग एकेक कडवं झालं का लय चढत जाते, शेवटी टाळीच टाळी. ट्रॅक आपला पहिल्या कडव्याले जसा होता तसाच. म्हननारे पुढं निंघून गेले, तो मांगं रायला. मंग कोनतरी मोबाइल बंद केला आन् खंजिऱ्या काढल्या, तवा कुठं भजन जमलं. पायपेटीवाले काका म्हनते ते खरं हाय. ज्या गान्यात लय चढवाची हाय तिथं ट्रॅक लावू नका.

वैनगंगाकाठ

काका, तुम्ही लिहिलेलं आज तालमीत सगळ्यांना वाचून दाखवलं. तबल्याचा पोरगा खूश झाला. डोंगरगावच्या भजनी मंडळात पेटीवाले आहेत, उद्या जाऊन भेटतो. पण सिनेमाच्या चालीच्या दोन गाण्यांत सुरुवातीचं संगीत फार मोठं आहे, व्हायोलिन वगैरे. नाचाची पोरं त्यावरच स्टेप बसवून मोकळी झाली. तिथं अर्धा ट्रॅक, अर्धी साथ असं करता येते का?

आणि उलट्या आवाजाचं कोणी सांगितलं नाही अजून.

ध्वनिलहरी

उलट्या आवाजाचं मी सांगते. नागपूरला भौतिकशास्त्र शिकवते, माहेर लाखनीचं, त्यामुळे झाडीपट्टीची नाटकं लहानपणापासून पाहिलेली.

आवाज उलटा वाजवण्याची हौस रेकॉर्डिंगइतकीच जुनी आहे. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्यानं लिहून ठेवलं की गाणं उलट दिशेनं फिरवलं तरी अनेकदा गोडच लागतं, पण मूळ गाण्याहून अगदी वेगळं. नंतर पॅरिसमध्ये पिएर शेफरनं १९४८ पासून रेकॉर्ड केलेल्या आवाजांनाच वाद्य मानून रचना केल्या, त्यात आवाज उलटवणं हे एक नेहमीचं साधन होतं. लोकांच्या कानावर ते पोहोचलं १९६६ साली, इंग्लंडच्या बीटल्स या बँडमुळे. त्यांच्या 'रेन' या गाण्याच्या शेवटी गायलेली ओळ उलटी वाजते. त्याच वर्षीच्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसननं गिटारचा तुकडा असा वाजवला की टेप उलटी फिरवल्यावर तो चालीत बसावा. त्यासाठी त्याला कित्येक तास खपावं लागलं. टेपच्या काळात रीळ पालटून लावावं लागे. आज ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तुकडा निवडून रिव्हर्स म्हटलं की झालं.

पण काय उलटवायचं हे कळायला हवं. तबल्यावर 'ना' वाजवला की आवाज क्षणात टोकाला जातो आणि मग हळूहळू विरतो. आपला कान वाद्य ओळखतो ते बरंचसं या पहिल्या क्षणावरून. उलटं केलं की शांततेतून आवाज फुगत येतो आणि ऐन भरात असताना कापला जातो, लांबून येणाऱ्या एसटीचं इंजिन दारापाशी येऊन एकदम बंद पडावं तसा. तबला, घुंगरू, झांज, देवळातली घंटा, सगळ्यांना हे लागू आहे. पायपेटीचा लांब धरलेला सूर मात्र उलटा केला तरी जवळजवळ तसाच ऐकू येतो, कारण त्यात चढ-उतार नसतो. बासरीचंही बरंचसं तसंच.

तुमच्या प्रसंगासाठी झांज घ्या. एकदाच वाजवा आणि पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. शेवटची कुजबुजसुद्धा पकडा, कारण उलटल्यावर तीच सुरुवात होणार आहे. खोली बंद हवी, पंखा बंद हवा, नाहीतर पंख्याचा आवाज आधी ऐकू येईल. समजा तो तुकडा सहा सेकंदांचा झाला. मग लाइटवाल्याला सांगा की हा आवाज जिथं तुटतो, तिथंच मायवर उजेड पडला पाहिजे. म्हणजे साउंडवाल्यानं सहा सेकंद आधी बटण दाबायचं. परिणाम त्या तुटण्यात आहे. उजेड अर्धा सेकंद उशिरा पडला तरी मजा गेली.

तालमीतली_ताई

मी मूलकडची, शाळेत मुलांची नाटकं बसवते. ध्वनिलहरी ताईंनी झांजेचं छान सांगितलं, पण मला हाकेची काळजी वाटते. मायची हाक सरळ रेकॉर्ड करून उलटवली तर लोकांना शब्दच कळणार नाहीत. लेकीला काय ऐकू आलं हे प्रेक्षकाला नाही कळलं तर प्रसंग वाया जाईल.

आणि उलटं म्हणजे अक्षरं उलटी, असं मुलांना वाटतं. आम्ही मोबाइलवर "चिमा काय कामाची" म्हणून उलटं वाजवून पाहिलं. लिहिताना ते दोन्हीकडून सारखं, पण मोबाइलमधून आलं "ईचामाक्याकामिच". कारण यंत्र अक्षर नाही, आवाज उलटवतं. 'चि' मध्ये आधी च आणि मग इ आहे, ते उलटून इ आधी येतो. "कनक", "नयन", "सरस" हे शब्द मात्र उलटे करूनही ओळखू येतात. मुलांनी दुपारभर असे शब्द शोधले.

पायपेटीवाला

ताई, वाल्या कोळ्याचं "मरा मरा" याच जातीचं का हो?

तालमीतली_ताई

नाही काका. "मरा मरा" सलग म्हणत राहिलं की कानाला "राम राम" ऐकू यायला लागतं, तिथं काहीच उलटत नाही, फक्त सुरुवात कुठून धरायची ते बदलतं. यंत्रात "मरा" उलटवलं तर "आरम" येतं. आपले जुने कवीही विलोम काव्य रचत. वेंकटाध्वरीचं 'राघवयादवीयम्' सरळ वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा. पण तेही अक्षरांचंच उलटणं.

ध्वनिलहरी

ताई, हाकेचा मुद्दा बरोबर आहे. त्याला दोन उपाय आहेत.

सोपा आधी सांगते. मायची हाक रेकॉर्ड करा. ती उलटवा. त्या उलट्या आवाजावर भरपूर रिव्हर्ब घाला. मग सगळंच पुन्हा उलटवा. आता हाक सरळ झाली, शब्द स्पष्ट, पण रिव्हर्ब शब्दाच्या मागं राहण्याऐवजी पुढं येतो. म्हणजे माय बोलायच्या आधीच तिच्या आवाजाची घुमण अंधारातून गोळा होत येते आणि तिच्यातून शब्द निघतो. एक काळजी घ्या, पहिल्यांदा उलटवायच्या आधी हाकेच्या अलीकडं काही सेकंद कोरी शांतता ठेवा, नाहीतर रिव्हर्बला पसरायला जागाच मिळत नाही आणि तो मधेच कापला जातो.

दुसरा उपाय कष्टाचा आहे, पण नट तयार असेल तर करून पाहण्यासारखा आहे. वाक्य आवाजानिशी उलटं लिहायचं, नटानं ते उलटं पाठ करून म्हणायचं, आणि ते रेकॉर्डिंग उलटवायचं. शब्द सरळ होतात पण चाल, श्वास, जोर सगळं भलतीकडं पडतं. १९९० मध्ये सुरू झालेल्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकी मालिकेत स्वप्नातली पात्रं अशीच बोलतात. तुमचं "माय, ये घरी" उलटं होतं "ईरघेय्याम". यात 'घ' त्रास देईल. घ, भ, ध म्हणताना हवेचा झोत अक्षरानंतर सुटतो, तो उलटल्यावर आधी येतो आणि शब्द अडखळतो. लेखकाची हरकत नसेल तर "माय, ये ना" करा. त्याचं उलटं "आनेय्याम". म, य, न आणि लांब स्वर, सगळे गुळगुळीत. मायचं काम करणाऱ्या बाईंना हे गुणगुणायला सांगा, शेवटच्या "याम" वर सूर खाली नेऊ द्या. उलटल्यावर हाक खालून वर येईल.

पायपेटीवाला

वा. हे मला नवीन आहे आणि आवडलं.

सुराचं एक माझ्याकडून. त्या प्रसंगाच्या मागं गाण्याची चाल उलटी वाजवायचा मोह होईल, तर राग पाहून करा. भूप असेल तर चालेल, कारण चढताना आणि उतरताना स्वर तेच. देस असेल तर चढताना शुद्ध निषाद आणि गंधार-धैवत सोडलेले, उतरताना कोमल निषाद आणि सगळे स्वर. उलटवलं की कोमल निषाद चढायला लागतो आणि देस मोडतो. त्यातूनही कोणाला वेगळं काही सापडेल, पण ऐकणाऱ्याला गाणं ओळखू आलं पाहिजे असं वाटत असेल तर नको. तिहाईचंही तसंच. तीन वेळा म्हणून समेवर यायचं तर सम आधी येऊन बसते.

वऱ्हाडवाट

मधेच बोलतो. म्हाताऱ्या मंडळींच्या शंकेचं राहिलंच की. आमच्याकडंही एक काका म्हणाले होते की उलट्या आवाजात काहीबाही मंत्र लपवतात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम होतो.

ध्वनिलहरी

ही शंका फक्त खेड्यातली नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात यावरून मोठं काहूर उठलं. रॉक गाणी उलटी वाजवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात, असं लोक म्हणत. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपुढे १९८२ मध्ये गाणी उलटी वाजवून दाखवली गेली. १९९० मध्ये नेवाडातल्या रेनो शहरात 'जुडास प्रीस्ट' या बँडवर खटला चालला, कोर्टानं बँडला जबाबदार धरलं नाही.

यावर कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांचं १९८५ चं काम मला फार पटतं. उलटं बोलणं ऐकवल्यावर लोकांना बोलणारा पुरुष आहे की बाई हे ओळखता येत होतं. बोलण्याचा अर्थ मात्र कळत नव्हता आणि त्याचा मनावरही काही परिणाम दिसला नाही. पण उलट्या आवाजात अमुक शब्द आहे, नीट ऐका, असं आधी सांगितलं की बहुतेकांना तो शब्द ऐकू यायचा. ऐकणाऱ्याच्या अपेक्षेनं तो शब्द तयार होत होता.

म्हाताऱ्या मंडळींना हे पुस्तकी सांगू नका. त्यांना तालमीला बोलवा. त्यांच्यातल्याच एका आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा, मोबाइलवर घ्या, उलटी ऐकवा आणि तीच पुन्हा उलटवून सरळ ऐकवा. ओवी जशीच्या तशी परत येते हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं. त्यांचं म्हणणं झिडकारून नाटक करू नका, शेवटी पहिल्या रांगेत सतरंजीवर त्याच बसणार आहेत.

साउंडचं_काम

अर्धा ट्रॅक, अर्धी साथ विचारलं होतं, त्याचं उत्तर देतो. होते. पण तबलेवाल्याच्या कानात ठोका पाहिजे.

ट्रॅक मोनो करा आणि फाइलच्या उजव्या बाजूला ठेवा. डाव्या बाजूला फक्त टिक-टिक ठोका, सुरुवातीला चार मात्रा रिकाम्या मोजून. मोबाइलमधून निघणारी स्टिरिओ वायर दोन मोनोत फुटते ती घ्या. उजवी मिक्सरला, डावी लहान हेडफोन ॲम्प्लिफायरमधून तबल्याच्या पोराच्या कानात. लोकांना ठोका ऐकू जात नाही आणि पोरगा ट्रॅकच्या पुढं-मागं होत नाही. मोठं सुरुवातीचं संगीत ट्रॅकवर वाजलं, धृपद आलं की ट्रॅक विरवून टाका आणि पेटी-तबला पुढं घेऊन जातील. मग बक्षिसं पुकारली तरी हरकत नाही, कारण तोवर सूत्र काकांसारख्या माणसाच्या हाती आलेलं असतं. फाइल बनवताना ट्रॅक नेमका सांध्यावरच विरेल अशी करून ठेवा, रात्री दोन वाजता स्लायडरवर बोट ठेवून अंदाज घेत बसू नका.

ब्लूटूथनं जोडू नका. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोहोचायला ०.१ ते ०.२ सेकंद लागतात, कधी जास्तही. जलद केरव्यात तेवढ्या वेळात एक बोल निघून जातो. वायरच लावा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रसंगात फोन वाजेल. गाणाऱ्यांसाठी मंचावर एक स्पीकर आतल्या तोंडानं ठेवा. मंडपाच्या टोकाचा भोंगा ३४ मीटरवर असेल तर तिथला आवाज ०.१ सेकंद उशिरा कानावर येतो, आणि नवखी पोरं त्याच्यामागं गायला लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं पेटीचं. ट्रॅक बहुतेक पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्झ या हिशोबानं असतात. गावातल्या जुन्या पेट्या तेवढ्याच असतील असं नाही. पेटीचा तोच सूर ४४४ निघाला तर दोन्ही एकत्र वाजताना सेकंदाला ४ वेळा आवाज हेलकावतो, आणि गाणारा बेसूर झाला असं लोकांना वाटतं. मोबाइलवर ट्यूनर ॲप मिळतं, पेटीचा सूर मोजा. ४४४ असेल तर ट्रॅक सुमारे १६ सेंट वर घ्या (एका पट्टीचे १०० सेंट). पेटी हलवता येत नाही, ट्रॅक हलतो.

उलट्या आवाजाच्या फाइल एमपीथ्री करू नका, वेव ठेवा. एमपीथ्रीत सुरुवातीला थोडी रिकामी जागा घुसते, आणि ध्वनिलहरी ताईंनी सांगितलेलं उजेडाचं गणित चुकतं.

वऱ्हाडवाट

एक कायद्याचं. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नाटक-गाणं केलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी नसताना तिकीट लावलं की हा आधार राहत नाही. शंकरपटाच्या नाटकाला तिकीट असते, तेव्हा सिनेमाचे ट्रॅक वापरणाऱ्यांनी परवानगीचं पाहून घ्यावं. मंडईचं फुकट असेल तर चिंता कमी.

वैनगंगाकाठ

मंडईचं फुकटच आहे.

डोंगरगावला जाऊन आलो. पेटीवाले तयार झाले, फक्त एकच अट घातली की तालमीला येण्या-जाण्याची सोय गावानं करावी. ती केली. त्यांची पेटी मोजली तर ४४० च्या वरच निघाली, त्यामुळे साउंडवाल्या भाऊंचं ते सेंटचं गणित कामी येईल. सात गाणी पूर्ण साथीवर, दोन गाण्यांना फक्त सुरुवातीचा ट्रॅक, असं ठरलं.

ओवीचा प्रयोग काल केला. आजीनं स्वतःची ओवी उलटी ऐकली आणि म्हणाली, "हे तं कन्नडीवानी लागते." मग सरळ ऐकवली तेव्हा पुन्हा म्हणायला लावली आणि तिसऱ्यांदा स्वतःच बटण दाबलं. आता त्यांची हरकत नाही, उलट मायच्या हाकेच्या वेळी मागं एक ओवी असावी असं त्यांनीच सुचवलं. दिग्दर्शकालाही ते पटलं. ओवी सरळच ठेवतो, फक्त हाकेला पुढून रिव्हर्ब. मायचं काम करणाऱ्या ताई "आनेय्याम" पाठ करत आहेत, दोन्ही प्रकार घेऊन पाहू आणि जो मंडपात चांगला पोहोचेल तो ठेवू.

एकच गोष्ट मिळाली नाही. स्टिरिओची दोन मोनो करणारी वायर आरमोरीत विचारली, दुकानदार दुसरीच दाखवतात, दोन हेडफोन लावायची.

साउंडचं_काम

ती नाही चालत, तिच्यात दोन्हीकडं दोन्ही आवाज जातात. एका टोकाला मोबाइलची लहान पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या मोठ्या मोनो पिना, एक लाल आणि एक काळी, अशी मागा. लाल म्हणजे उजवी. माझ्याकडं एक जास्तीची आहे. गुरुवारी आरमोरीला साउंडचं सामान घेऊन येतो, पेटीवाल्यांना आणि तबल्याच्या पोरालाही सोबत आणा, तिथंच मिक्सरवर लावून एकदा ऐकून घेऊ.